मनगट, अर्धा हात, कोपर

५ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. वाकून केलाय असं धरून चाल. दिवसभर पडद्यासमोर बसून माझ्या पाठीची कमान झालीच आहे, वेगळं वाकायची गरज नाही.

तळ्यावर रेंज नाही, मामीचा फोन बाजाराच्या पिशवीत तळाशी झोपलेला असतो आणि तू तर फोनला हातच लावत नाहीस. म्हणून पत्र. ऑफिसात मी पाकीट चिकटवत होते तेव्हा दोघंजण उठून बघायला आले.

काम आहे तुझ्याकडे. आमची कंपनी मासेपालनाचा व्हिडिओ गेम करतेय. खेळणाऱ्याला एक तळं मिळतं, थोडे मासे मिळतात, ते त्याने जगवायचे आणि वाढवायचे. पहिला नमुना दाखवला तेव्हा त्यात पाणी निळंशार होतं. मी भर मीटिंगमध्ये म्हटलं, इतक्या निळ्या पाण्यात मासे उपाशी मरतात. साहेब म्हणाले, मग पाणी तूच बघ. बोललेलं असं अंगाशी आलं.

तू बांधावर पालथा पडून पाण्यात हात घालायचास आणि एकच शब्द ओरडायचास, एवढं मला आठवतं. ते नेमकं काय बघायचास ते सविस्तर लिही. आणि एक कर. अंडी देणाऱ्या माद्या ठेवतोस त्या आईतळ्यात दर आठ दिवसांनी हात घाल आणि काय येतं ते मला कळव. गेममधलं पाणी मी तुझ्या पाण्याशी ताडून बघणार आहे.

मामीला सांग, मी जेवते वेळेवर.

तुझी,
बेडकी


१२ फेब्रुवारी

बेडके,

आशीर्वाद. शहाणी झालीस असं ऐकून होतो, पण पगार घेऊन खेळ खेळतेस हे आज कळलं.

विचारलंस ते सांगतो. सकाळी दहाच्या सुमाराला, ऊन पाठीवर घेऊन हात सरळ खाली सोडायचा. पंजा वर वळवायचा आणि त्याच्याकडे बघत राहायचं. पंजा दिसेनासा झाला की थांबायचं आणि पाणी कुठवर आलंय ते बघायचं. मनगटालाच पंजा गेला तर पाणी फार हिरवं. मग शेण टाकणं बंद, नाहीतर पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात. कोपर बुडालं तरी पंजा दिसतोय तर पाणी पातळ, माशांना खायला काही नाही. मग शेण वाढवायचं, त्यानेच पाणी हिरवं होतं आणि माशांचं खाणं वाढतं. अर्धा हात आला की पाणी बरोबर. संपलं शास्त्र. हातच्या काकणाला आरसा कशाला?

बाबा, म्हणजे तुझे आजोबा, शेवटची अकरा वर्षं डोळ्यांनी गेले होते. ते खाटेवर बसून विचारायचे, "किती?" मी हात घालून ओरडायचो. दहा वर्षांचा होतो मी. माझ्या हातावर तळं चालायचं.

आईतळ्याचं म्हणशील तर सध्या मनगट. पाणी दाट झालंय. नवीन वर्ष लागायच्या आधीच मी शेण बंद केलं. त्या माद्या बाबांच्या वेळच्या माद्यांच्या पोटच्या आहेत, सगळ्या पंचक्रोशीच्या तळ्यांना पिल्लं त्यांचीच जातात. त्यांच्या बाबतीत मी धोका घेत नाही.

फोनचं म्हणशील तर त्या काचेवर बोटं चोळायला मला वेळ नाही.

मामा


२६ फेब्रुवारी

मामा,

तुझ्या पत्राने ऑफिसात मान वाढला. मनगट, अर्धा हात, कोपर हे आता गेममध्ये तसंच घेतलंय. मोजमापाचा काटाबिटा काही नाही. खेळणाऱ्याने हात पाण्यात सोडायचा, डोळ्यांनी बघायचं आणि स्वतःच ठरवायचं.

पण एक घोळ आहे. आमच्याकडे पाण्याचा सगळा भाग लिहिणारा एक मुलगा आहे, त्याला आम्ही पाणक्या म्हणतो. त्याच्या पाण्यात शेण बंद केलं की तीन आठवड्यांत अर्धा हात येतो आणि सहा आठवड्यांत कोपर. तुझं नवीन वर्षाच्या आधीपासून बंद आहे. म्हणजे कधीच निवळायला हवं होतं. पाणक्याचं काहीतरी चुकतंय असं मी त्याला सांगितलं, तर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

सोबत गेममधली तीन चित्रं छापून पाठवतेय. पाण्यातला हात आहे. कुठल्या चित्रात किती, ते लिहून पाठव. तुझा शिक्का बसला की मी निर्धास्त.

आणि तुझी अक्षरं केवढी झालीत, मामा. एका पानात जेमतेम दहा ओळी. दुकानाची पाटी रंगवल्यासारखी.

बेडकी


४ मार्च

बेडके,

जाड पेन स्वस्तात मिळालं म्हणून अक्षर मोठं. म्हातारपणी माणसाने मोठ्याने बोलावं आणि मोठं लिहावं.

तुझी चित्रं बघितली. कामचुकार आहेस. तिन्ही एकसारखी काढून पाठवलीस आणि वर विचारतेस, कुठल्यात किती. तिन्हींत मनगट. पगार कशाचा घेतेस?

त्या पाणक्याला सांग, पाणी कागदावर लिहून होत नाही. त्याने कधी पाण्यात पाय तरी घातलाय का? शेण बंद करून नऊ आठवडे झाले, तरी माझ्याकडे काल मनगटच आलं. पाणी सडलंय बहुतेक. परवा जाळं टाकून चार माद्या धरल्या. पाठीवरून हात फिरवला तर कणा बोटांना लागतो. पोटं रिकामी. अंड्यांचा हंगाम दोन महिन्यांवर आला आणि या अशा. पाण्यानेच खाल्लंय त्यांना.

म्हणून ठरवलंय. पंचवीस तारखेला कालव्याची पाळी आहे. त्या सकाळी बांधातल्या मोरीचं दार उघडून तीनातले दोन हिस्से पाणी सोडून देतो आणि कालव्याचं नवं घेतो. बाबांनी या महिन्यात कालव्याचं पाणी कधी आत घेतलं नाही, शेतांत फवारणी चालू असते म्हणायचे. पण त्यांच्यावर अशी वेळ आली नव्हती.

तुझी मामी याला विरोध करते. तिचा सगळ्यालाच असतो.

मामा


९ मार्च

मामी,

हे पत्र तुझ्या नावाने बाजारातल्या वाण्याकडे पाठवतेय. मामाला दाखवू नकोस. त्याच्यापासून काही लपवायची मला सवय नाही, म्हणून अक्षर वाकडं आलंय.

मी पाणक्याशी चार दिवस भांडले. तुझ्या पाण्यात खोट आहे, माझ्या मामाच्या नाही, असं चारचौघांत म्हटलं. त्याने बिचाऱ्याने सगळं काम ओळ न ओळ उलगडून दाखवलं. खोट नाही. मग टेबलावर पडलेलं मामाचं पत्र त्याने बघितलं आणि विचारलं, "यांना नीट दिसतं का?" मी त्याला जे बोलले ते तुला लिहिण्यासारखं नाही.

नंतर ती तीन चित्रं पुन्हा काढून बघितली. पहिल्यात पंजा मनगटाशीच नाहीसा होतो. तिसऱ्यात कोपरापर्यंत पाणी आहे आणि नखं मोजून घ्यावीत इतका हात स्पष्ट आहे. मामाला ती तिन्ही सारखी दिसली. मी त्याची थट्टा समजून हसले होते गं.

तू एक कर. ज्या दिवशी तो हात घालेल त्याच दिवशी, तो घरात आला की, तू जाऊन घाल. दहा वाजता, ऊन पाठीवर घेऊन. काय आलं ते लगेच कळव. पंचवीस तारखेच्या आत.

बेडकी


१४ मार्च

बाळ बेडके,

वाण्याच्या गल्ल्याशेजारी उभी राहून लिहितेय, म्हणून थोडक्यात.

आज सकाळी त्यांनी हात घातला. म्हणाले मनगट. ते चहाला आत आल्यावर मी गेले. कोपर बुडालं, पोलक्याची बाही भिजली, तरी माझी बांगडी न् बांगडी दिसत होती. पाणी निवळून निवळून काच झालंय. माद्या उपाशी आहेत.

मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. चहा कपाच्या बाहेर ओततात. गेल्या महिन्यात शेजारच्या वासराला कुत्रा समजून हाड हाड केलं. ते वासरूही बुचकळ्यात पडलं. मी हसले, मग रात्रभर हसण्याचं वाईट वाटलं. डोळे दाखवूया म्हटलं की ताटावरून उठतात. मामंजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, पट्टी सुटली ती काळोखातच. हे तेव्हा दहा वर्षांचे, खाटेशी उभे होते. "जेवढं दिसतंय तेवढं माझं आहे, तेवढ्याला कुणी हात लावायचा नाही," म्हणतात. पण पाण्याबद्दल चुकतील असं माझ्या मनातही आलं नव्हतं. पाण्यात ते कधी चुकलेले नाहीत.

कालव्याच्या पाण्याला आत्ताच औषधाचा वास येतोय. ते आत आलं तर एक मादी वाचायची नाही.

मोरीचं दार उचलायची लोखंडी दांडी मी पिठाच्या डब्यात लपवली आहे. किती दिवस पुरेल माहीत नाही. मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी त्यांची हार बघतेय. तू सांग. तुझं ऐकतात.

मामी


१८ मार्च

मामा,

रागावशील, पण शेवटपर्यंत वाच. वाचता येत नसेल तर मामीकडून वाचून घे. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा लिहिलं.

आईतळ्याचं पाणी हिरवं नाही. मामीने हात घातला, कोपर आलं. तुझं मनगट आलं त्याच दिवशी. मी पाठवलेली चित्रं वेगवेगळी होती. तुझ्या डोळ्यांवर काहीतरी आलंय, म्हणून पंजा तुला लवकर दिसेनासा होतो. तू पाण्याला दोष देतोस आणि शेण बंद ठेवतोस, म्हणून माद्यांचा कणा हाताला लागतो. त्यांना पाण्याने खाल्लेलं नाही. त्या भुकेल्या आहेत.

दार उघडू नकोस. हात जोडते. शेण चालू कर आणि डोळे दाखव. आजोबांचं झालं त्याला पन्नास वर्षं होऊन गेली, आता तसं राहिलेलं नाही.

मी स्वतः यायला हवं. पण सत्तावीसला गेम मोठ्या लोकांपुढे दाखवायचा आहे आणि पाण्याचा भाग माझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. अठ्ठावीसला निघते. तोपर्यंत थांब एवढंच मागते.

बेडकी


२२ मार्च

सौ. शहाणीस,

पत्र मिळालं. वाचता आलं, काळजी नसावी.

पन्नास वर्षं हात घालतोय मी या पाण्यात. तू पोहायला शिकलीस ते याच हातावर. आता खेळातल्या तळ्यावरून तू मला खऱ्या तळ्याचं सांगणार? आणि मामीला माझ्यामागे हेर म्हणून लावलीस. एका घरात राहून ती माझ्या पाठीमागे पाणी मोजते आणि वाण्याच्या दुकानातून पत्रं टाकते, हे विचारल्यावर तिनेच कबूल केलं. एवढं परकं मला बाबांच्या आजारपणातही वाटलं नव्हतं.

दांडी घरात सापडत नाहीये. न सापडो. फळ्या हाताने उचलता येतात.

पंचवीसला दार उघडणार. तू तुझा खेळ दाखव.

मामा


२६ मार्च

बेडके,

अक्षर मामीचं आहे, शब्द माझे. ती मध्ये स्वतःचं घुसडेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

काल सकाळी गेलो. मामी वाट अडवून उभी होती. (अडवून नव्हते, पाय धरले होते.) मी तिला ओलांडून मोरीवर गेलो. दाराच्या तीन फळ्या हाताने उचलायच्या होत्या. पहिली उचलली. पाणी सुटलं, आवाज मोठा झाला. दुसरीसाठी वाकलो आणि मोरीवरची उभं राहायची फळी जिथे होती असं मला वाटत होतं, तिथे ती नव्हती. थेट पाण्यात. छातीएवढं पाणी आहे तिथे, बुडालो नाही. पण मोरीच्या ओढीने पाय आत खेचला जायला लागला. (मी साडीचा पदर टाकला. ते पदर शोधत होते. हातभर अंतरावर होता, पाण्यावर तरंगत होता, लाल होता. त्यांना दिसला नाही.)

ते तिने सांगितलं तेव्हा कळलं. मला वाटत होतं की तिने पदर टाकलाच नाही. मी तिला ओरडत होतो, टाक, टाक. ती म्हणत होती, टाकलाय, तुमच्या नाकासमोर आहे.

मग तिने हात धरून ओढलं. बांधावर बसलो दोघं. फळी परत खाली बसवली तिनेच. वीतभर पाणी गेलं, कालव्याचं आत आलं नाही. कालव्याकडच्या तोंडाची फळी नंतर काढायची होती, ती राहिली.

तिथे बसल्या बसल्या तिला म्हटलं, हात घाल. तिने घातला. मी विचारलं, "किती?"

हा शब्द मी दुसऱ्याला विचारणार नाही असं ठरवलं होतं. बाबा विचारायचे तेव्हा त्यांच्या आवाजात एक अजिजी असायची. दहा वर्षांच्या पोरापुढे केलेली अजिजी. कधीकधी मी खेळायच्या घाईत हात न घालताच अर्धा हात म्हणून ओरडायचो. त्यांना कळायचं नाही. किंवा कळत असेल. तेव्हापासून मला भीती बसली की एक दिवस मीही विचारेन आणि कुणीतरी न बघताच उत्तर देईल. म्हणून लपवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मुठीत तळं होतं, हे विसरलो.

(कोपर म्हणाले मी. खरं तेच सांगितलं. ते रडले. शेण कालपासून चालू केलंय.)

रडलो वगैरे नाही, पाणी गेलं होतं डोळ्यांत.

त्या पाणक्याला सांग, त्याचं पाणी बरोबर आहे.

मामा


२९ मार्च

मामा, मामी,

तुमचं पत्र आत्ता हातात पडलं. काल निघणार होते, पण साहेबांनी दोन दिवस थांबवलं आणि मी थांबले. पत्र वाचून जिन्यात बसले, कुणी बघतंय याचं भान नव्हतं. पंचवीसला मी तिथे असायला हवं होतं. गेम दुसऱ्या कुणालाही दाखवता आला असता, वाईट दाखवला असता एवढंच. हे मी विसरणार नाही, तुम्हीही मला विसरू देऊ नका.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ एक तारखेची घेतली आहे. तिला आजोबांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्यांना मनात येईल तो प्रश्न विचारू द्या, मी घाई करणार नाही. हे पत्र माझ्या मागून पोचेल. मी आजच निघतेय. मामा, ऑपरेशनच्या खोलीत मला येऊ देणार नाहीत, पण दाराशी मी असेन, मामी असेल, आणि तू आतून विचारलंस तर ओरडून सांगू.

बेडकी


११ मे

बेडके,

अक्षर बघ. एका पानात अठरा ओळी बसवल्यात. मोजल्या.

तू गेल्यावर पुन्हा एकदा डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. डावा डोळा गेलाच. वर्षभर आधी आला असता तर वाचवला असता, असं तिने सरळ सांगितलं. गोड बोलली नाही म्हणून मला ती आवडली. उजव्याने मात्र पलीकडच्या बांधावरची शेळी दिसते, आणि ती शेळीच आहे याची मामीकडून खात्री करून घेतली. एका डोळ्याला खोली नीट कळत नाही, म्हणून मोरीवर एकटा जायची मला बंदी आहे. कुणाची ते विचारू नकोस.

पट्टी सुटल्यावर घरी येऊन पहिल्यांदा पाण्यात हात घातला तेव्हाचं तुला सांगितलं नव्हतं. पंजा खाली खाली गेला, दिसतच राहिला. आणि तो माझा वाटेना. सुरकुतलेला, नखं पिवळी, शिरा वर आलेल्या. बाबांचा हात होता तो. दोन वर्षांत मी माझा हात बघितलाच नव्हता.

माद्यांचं सांगतो. अकरा गेल्या. उरलेल्यांची पोटं भरू लागलीत, पण या हंगामात अंडी निम्मीच मिळतील. तळ्यांवर सगळ्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं, पाणी वाईट नव्हतं, माझ्या डोळ्यांची चूक होती. एकाने विचारलं, मग पुढच्या वर्षी? म्हटलं, पुढच्या वर्षी दोघं मिळून बघू.

तू ठेवून गेलेल्या त्या काचेवर तुमचा गेम खेळलो. हसू नकोस. त्यात ज्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांनी खेळायचं, त्याची नजर न सांगता हळूहळू मंद करायची ही कल्पना तुझी की पाणक्याची? खेळता खेळता मला कळलंच नाही. पाणी हिरवं दिसायला लागलं म्हणून शेण बंद केलं. मासे रोडावले. मग मनात आलं, इथे तरी बघू, आणि मोरीचं दार उघडलं. सगळं पाणी सोडलं, कालव्याचं घेतलं. एकेक मादी पांढरं पोट वर करून तरंगायला लागली. एकूण एक. खेळ आहे हे माहीत असूनही मी काच खाली ठेवली आणि उठलो.

बाहेर दहा वाजले होते, ऊन पाठीवर होतं. मामीला हाक मारली, म्हटलं, हात घाल. म्हणाली, "आता दिसतं ना तुम्हाला? मग मी कशाला?" म्हटलं, "दिसतं. तरी तू घाल."

तिने बाही वर केली, बांधावर पालथी झाली आणि हात सोडला. मी विचारलं, "किती?"

तिने नीट बघितलं. घाई केली नाही. म्हणाली, "अर्धा हात."

मलाही तेवढाच दिसत होता.

मामा